पाना निसटतो आणि हात सोलवटतो

रविवारची सकाळ. सिंकखालच्या पाइपची चाकी ठिबकत असते. प्लंबर फोन उचलत नाही, म्हणून घरातले कुणीतरी माळ्यावरून स्क्रू पाना काढते. चाकी हलत नाही. आणखी जोर लावला जातो, पाना सटकन निसटतो आणि मूठ भिंतीवर आदळते. मुठीवरची कातडी सोलवटते, रक्त येते. बहुतेक जण हात धुऊन कामाला लागतात. जखम लहान असते, पण ती जागा नाजूक असते.

बोटाच्या मुळाशी, मूठ वळल्यावर जिथे टेंगूळ दिसते, तिथे कातडी पातळ असते. तिच्या लगेच खाली बोट सरळ करणारी कंडरा असते आणि कंडरेखाली सांधा. त्यामुळे अर्धा सेंटिमीटरची जखमही थेट सांध्यापर्यंत पोहोचू शकते. आत जंतू शिरले तर सांध्यात पू होतो आणि बोट कायमचे आखडू शकते. हातावर पोट असलेल्या माणसाला हे फार महागात पडते.

पाना निसटतो का, याचे उत्तर त्याच्या रचनेत आहे. स्क्रू पान्याचा एक जबडा पक्का असतो आणि दुसरा खाचांच्या छोट्या स्क्रूवर सरकतो. आजच्या पान्याला हे रूप १८९२मध्ये स्वीडनच्या योहान पेटर योहान्सन यांनी घेतलेल्या पेटंटमुळे मिळाले. एकाच पान्यात अनेक मापांचे नट बसतात, ही त्याची मोठी सोय. पण सरकत्या जबड्यात थोडी ढिलाई राहतेच आणि पाना जुना झाला की ती वाढते. जोर लावताच जबडे किंचित फाकतात, नटाच्या सपाट बाजूंऐवजी त्याच्या कोपऱ्यांवर भार येतो, कोपरे झिजून गोल होतात आणि पाना सुटतो.

यावर उपाय म्हणून पक्कड आणि पाना यांचा मेळ घातलेले एक हत्यार मिळते : प्लायर रेंच. जर्मनीच्या वुपरटाल शहरातील क्निपेक्स कंपनीने ते प्रसिद्ध केले. बटण दाबून माप ठरवायचे आणि दांडे आवळायचे. दोन्ही जबडे एकमेकांना समांतर राहून नटाच्या सपाट बाजूंवर घट्ट बसतात, मध्ये फट राहत नाही. तरफेच्या रचनेमुळे हाताचा जोर सुमारे दहापट होऊन नटावर पडतो. जबड्यांना दाते नसल्याने नळाच्या चकचकीत मुलाम्यावर ओरखडे उठत नाहीत. पकड किंचित सैल करून दांडा मागे घेता येतो. अडचणीच्या जागी पाना दरवेळी काढून पुन्हा बसवावा लागत नाही.

मग स्क्रू पाना भंगारात टाकावा का? नाही. प्लायर रेंच सतत आवळून धरावा लागतो. अंगठ्याच्या मुळाशी संधिवात असलेल्यांना, बोट अडकण्याचा त्रास असलेल्यांना किंवा मनगटातली नस दबून रात्री हाताला मुंग्या येणाऱ्यांना हे आवळणे दुखरे ठरते. स्क्रू पान्याला नुसते धरून ओढले तरी चालते. शिवाय प्लायर रेंचची किंमत बरीच जास्त असते. फार घट्ट किंवा गंजलेल्या बोल्टसाठी तर या दोघांपेक्षा नेमक्या मापाचा रिंग पाना चांगला, कारण तो नटाला चहूबाजूंनी धरतो.

हाती स्क्रू पानाच असेल, तर काही सवयी हात वाचवतात. जबडा नटावर पूर्ण आवळून घ्यावा. सरकता जबडा ज्या बाजूला असेल, त्या बाजूकडे पाना फिरवावा, म्हणजे मुख्य भार पक्क्या जबड्यावर येतो. पाना स्वतःकडे ओढावा. ढकलावाच लागला तर मूठ न वळता उघड्या तळव्याने ढकलावा. मनगट सरळ ठेवावे, कारण वाकलेल्या मनगटात पकडीची ताकद कमी होते. अंगठी आधीच काढावी. बोट सुजल्यावर ती निघत नाही.

लागलेच तर वाहत्या पाण्याखाली साबणाने जखम धुवावी आणि स्वच्छ कापडाने दाबून धरावी. हळद, चहा पावडर किंवा ग्रीस लावू नये. धनुर्वात गंजामुळे होतो, हा समज चुकीचा आहे. त्याचे जंतू माती आणि धुळीत असतात. आधीचे लसीकरण पूर्ण असेल, तर स्वच्छ, किरकोळ जखमेसाठी शेवटचे इंजेक्शन १० वर्षांच्या आतले असले तरी पुरते. मातीने किंवा गटाराच्या पाण्याने मळलेल्या जखमेसाठी ही मुदत ५ वर्षे धरतात. बोट पूर्ण सरळ होत नसेल, बधिर वाटत असेल, जखम सांध्यावर खोल असेल किंवा दुसऱ्या दिवशी सूज आणि ठणका वाढला असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

नळाचा नट बिघडला तर बाजारात दुसरा मिळतो. बोटाच्या सांध्याचे तसे नाही. म्हणून जोर लावण्याआधी पाना नीट बसला आहे का, हे एकदा पाहून घ्यावे.