मान धरण्यापासून अक्षरापर्यंत : स्वमग्न मुलांच्या भावंडांचा मागोवा

१९४३ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातले बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी अकरा मुलांची हकिगत प्रसिद्ध केली आणि स्वमग्नतेला वैद्यकात जागा मिळाली. त्यांनी मुलांच्या एकटेपणावर, बोलण्यावर, बदल सहन न होण्यावर भरभरून लिहिले. हालचालींचा उल्लेख मात्र ओझरता : काहींची चाल बेढब, पण बोटांची कामे सफाईदार. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स आस्पर्गर यांनी वर्णन केलेल्या मुलांचे हातपाय ताळमेळात चालत नव्हते, व्यायामाचा तास त्यांना शिक्षा वाटे. हे लेखन जर्मनमध्ये होते. १९८१ मध्ये लोर्ना विंग यांनी ते इंग्रजी वाचकांपुढे आणेपर्यंत त्याकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही.

मधली वर्षे आईला दोष देण्यात गेली. ब्रूनो बेटलहाइम यांच्या १९६७ च्या पुस्तकाने स्वमग्नतेचे खापर आईच्या थंडपणावर फोडले. त्याच आईच्या हाताखाली वाढणारी बाकीची मुले हसतखेळत असत, हा साधा पुरावा घराघरांत डोळ्यांसमोर होता. तो पाहिला असता तर कितीतरी बायकांचा छळ टळला असता.

भावंडांकडे विज्ञानाची नजर खऱ्या अर्थाने वळली ती १९७७ मध्ये. सुझन फोल्स्टाइन आणि मायकेल रटर यांनी जुळ्यांच्या २१ जोड्या तपासल्या. एकसारख्या जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी चारांत दोघेही स्वमग्न होते. भिन्न जुळ्यांच्या १० जोड्यांत एकातही नाही. भाषेच्या आणि आकलनाच्या सौम्य अडचणी धरल्या, तर एकसारख्यांमधला आकडा चारावरून नऊवर जात होता. म्हणजे स्वमग्नता नसली तरी तिच्या आसपासचे काहीतरी भावंडात असू शकते. पण शोध घेतला गेला तो भाषेचा आणि बुद्धीचा. हातापायांची चौकशी फारशी झाली नाही.

त्यात वर्गीकरणाचाही अडसर आला. शरीराच्या हालचालींचा ताळमेळ न जमणे ही वयाच्या ५ ते ११ वर्षांच्या मुलांपैकी पाच-सहा टक्क्यांना असणारी विकासात्मक अडचण आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या १९९४ च्या नियमावलीनुसार स्वमग्नतेचे निदान झालेल्या मुलाला हे दुसरे निदान देता येत नसे. २०१३ मध्ये ही अट निघाली. तोपर्यंत थोरल्या स्वमग्न मुलाच्या अडखळण्याचीच वेगळी नोंद होत नव्हती, मग धाकट्याचे कोण विचारतो?

या शतकाच्या सुरुवातीला स्वमग्न मुलांच्या धाकट्या भावंडांना जन्मापासून पाहण्याची पद्धत रुजली. २०११ मध्ये सॅली ओझोनॉफ आणि सहकाऱ्यांनी अशा ६६४ बाळांचा आढावा दिला : १८.७ टक्के पुढे स्वमग्न निघाली. २०२४ मध्ये १,६०५ बाळांवरचा आकडा २०.२ टक्के आला. पाचांत एक. पालकांची झोप उडवणारा हा आकडा सगळीकडे छापून आला. उरलेल्या चौघांची बातमी झाली नाही, आणि हा मागोवा त्या चौघांसाठी आहे.

२०१२ मध्ये भावंडांच्या हालचालींवर दोन अभ्यास आले. पहिला बाल्टिमोरच्याच केनेडी क्रिगर संस्थेतला. सहा महिन्यांच्या बाळाला हात धरून अलगद बसते करायचे आणि मान मागे लोंबते का ते पाहायचे. बाळाने मान धरली का, हे आपल्याकडे प्रत्येक आजी विचारते. इथे तेच शिस्तीने विचारले गेले. पुढे स्वमग्न ठरलेल्या बाळांपैकी ९० टक्क्यांची मान मागे राहिली होती. तीन वर्षांचे झाल्यावर ज्यांच्यात काहीच आढळले नाही, अशा भावंडांतही हे प्रमाण ३५ टक्के होते. आणि घरात स्वमग्नता नसलेल्या बाळांच्या दुसऱ्या गटात? ३३ टक्के. म्हणजे मान उशिरा धरणे ही नोंद ठेवण्याची गोष्ट आहे, पण तेवढ्यावरून निदान होत नाही.

दुसरा अभ्यास सेंट लुइसचा, क्लॉडिया हिल्टन यांचा. त्यांनी भावंडांच्या जोड्यांची हालचाल मोजली. स्वमग्न मुलांपैकी ८३ टक्क्यांना अडचण होती, स्वमग्नता नसलेल्या भावंडांपैकी सहा टक्क्यांना. मोजपट्टी वेगळी असली तरी हा आकडा सर्वसाधारण मुलांमधल्या प्रमाणाच्या जवळपासच आहे. दोन्ही अभ्यास मला एकच गोष्ट सांगताना दिसतात : धाकटा पाय अडकून पडला म्हणून त्याच्यात स्वमग्नता शोधू नये. आणि सहा टक्के म्हणजे शून्य नव्हे. 'हा आमचा व्यवस्थित आहे' म्हणून त्याला सोडून देणे हीदेखील मोठी चूक आहे. थकलेल्या घरात ही दुसरी चूक फार सहज होते.

हालचाल अडखळण्यामागे सैल सांधेही असू शकतात, पण स्वमग्नतेशी त्यांचे नाते याहून उशिरा तपासले गेले. सांध्यांच्या सैलपणाची पीटर बाइटन यांची नऊ गुणांची तपासणी तशी १९७३ पासून आहे : करंगळी मागे काटकोनापलीकडे जाते का, अंगठा अग्रबाहूच्या आतल्या बाजूला टेकतो का, कोपर आणि गुडघे उलटे वाकतात का, गुडघे ताठ ठेवून तळवे जमिनीला लागतात का. चार-पाच मिनिटांचे काम. सांधे सैल असले की हात नेमका कुठे आहे याची खबर मेंदूला नीट मिळत नाही, आणि सांधा जागेवर धरण्यातच स्नायू दमतात. अशा मुलाची पेन्सिल घट्ट आवळलेली असते, अर्ध्या पानानंतर हात दुखतो, रात्री पाय चेपून मागतो. आपल्याकडे योगाच्या किंवा नृत्याच्या वर्गात याच मुलाच्या लवचीकपणाचे कौतुक होते आणि शाळेत त्याच्याच अक्षराबद्दल ओरडा बसतो.

२०१६ च्या स्वीडनमधल्या देशव्यापी पाहणीत एलर्स-डॅन्लोस या संयोजी ऊतींच्या आनुवंशिक विकारात स्वमग्नतेचे निदान सुमारे सातपट आढळले. त्या रुग्णांच्या भावंडांत मात्र एडीएचडीचे (लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता) प्रमाण दुप्पट होते, स्वमग्नतेचे तसे वाढलेले नव्हते. ब्रायटनच्या जेसिका एक्लस आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये स्वमग्नता, एडीएचडी किंवा टुरेट (आपोआप झटके आणि आवाज येण्याचा विकार) असलेल्या १०९ प्रौढांत ५१ टक्क्यांचे सांधे सैल असल्याचे दाखवले. इतरांत ते प्रमाण २० टक्के होते. सैल सांधे घराण्यात चालत येतात. म्हणून थोरल्याचे तसे निघाले तर धाकट्याचे, आणि आईवडिलांचेही, पाहणे शहाणपणाचे.

आपल्याकडे स्वमग्नता १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आली, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही आली. मुंबईत 'उम्मीद' ही बालविकास संस्था २००१ पासून काम करते आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमामुळे २०१३ पासून अंगणवाडीपर्यंत तपासणी पोहोचली. पण २०१८ मध्ये उत्तर गोव्यासह देशातल्या पाच ठिकाणांची जी मोठी पाहणी प्रसिद्ध झाली, तिच्यातल्या नऊ विकारांत हालचालींच्या ताळमेळाची अडचण नव्हतीच. जे मोजले जात नाही त्याला वर्गात वेंधळेपणा म्हणतात, आणि मूल ते खरे मानून चालते.

यावर उपाय आहेत आणि ते महागडे नाहीत. सैल सांधा आणखी ताणायचा नसतो, त्याभोवतीचे स्नायू बळकट करायचे असतात. जाडसर पेन्सिल, पाय टेकतील अशी खुर्ची, लिहायला थोडा जास्त वेळ. पुढच्या वेळी थोरल्याला थेरपीला नेताना धाकट्यालाही बरोबर न्या आणि फिजिओथेरपिस्टना म्हणा, याचीही बोटे, कोपरे, गुडघे बघा. त्याला बटण लावता येते का, चेंडू झेलता येतो का, लिहिताना हात दुखतो का, हे त्यालाच विचारा.