खरी कॉर्नरची उमेदवारी

कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगीच्या शेजारी वसगड्यात २०१६ नंतर ‘तुझ्यात जीव रंगला’ या मालिकेचं चित्रीकरण चालायचं. आसपासच्या गावांतली माणसं ते बघायला जायची आणि साहजिकच सगळ्यांच्या नजरा नटांवर असायच्या. मला सांगायचं आहे ते दिव्यांच्या स्टँडपाशी, ट्रॉलीच्या रुळांपाशी उभ्या असणाऱ्यांबद्दल. या धंद्यात सलग काम मिळत नाही. एक चित्रपट संपला की दुसरा कधी सुरू होईल, हे कुणी सांगू शकत नाही. मधल्या रिकाम्या महिन्यांत उमेद कशी टिकवायची? कोल्हापूरने याचं उत्तर शंभर वर्षांपूर्वीच कामातून दिलंय, आणि ते मला आजही पटतं.

बाबूराव पेंटर मूळचे चित्रकार, नाटकांचे पडदे रंगवणारे. ‘राजा हरिश्चंद्र’ पाहिल्यावर त्यांनी आणि त्यांचे बंधू आनंदराव यांनी सिनेमा काढायचं मनावर घेतलं. १९१६ साली आनंदराव गेले. बाबूराव थांबले नाहीत. १९१७ मध्ये कोल्हापुरात खरी कॉर्नरला महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि पुढच्या वर्षी दामले यांच्यासारख्या शिष्यांच्या मदतीने त्यांनी कॅमेरा जुळवला.

कॅमेरा जुळवणं म्हणजे नेमकं काय? फिल्म भिंगामागून नुसती सरकत राहिली तर चित्र फरपटतं. म्हणून प्रत्येक चौकटीला ती क्षणभर थांबवावी लागते, झडप उघडून प्रकाश आत घ्यावा लागतो, झडप मिटवून फिल्म पुढे ओढावी लागते. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर एका चौकटीच्या बाजूला चार छिद्रं असतात. त्यांत अडकणारा आकडा हे ओढण्याचं काम करतो. मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण सोळा चौकटी जायच्या, म्हणजे एक फूट फिल्म. हँडल हाताने फिरवायचं आणि वेग मनात मोजायचा. हात चुकला की पडद्यावरचा माणूस धावू लागतो. हे ज्याने स्वतः जुळवून पाहिलंय, त्याला फिल्मच्या प्रत्येक फुटाची किंमत वेगळी शिकवावी लागत नाही.

कंपनीतली रीतही अशीच होती: एका कामाला चिकटलेला माणूस तिथे विरळा. शांताराम वणकुद्रे १९२० मध्ये एकोणिसाव्या वर्षी तिथे आले, मावसभाऊ बाबूराव पेंढारकर यांच्या ओळखीने. पडेल ते काम करत ते शिकले, पडद्यावर उभे राहिले आणि १९२७ मध्ये ‘नेताजी पालकर’चं दिग्दर्शन त्यांच्याकडे आलं. कागलचे फत्तेलाल चित्रकलेतून आले आणि कलादिग्दर्शनात रमले.

१९२९ मध्ये शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांनी कोल्हापुरातच ‘प्रभात’ सुरू केली. दोन वर्षं जातात न जातात तोच ‘आलम आरा’ने बोलपट आणला. इथे हा लेख जरा रेंगाळू द्या, कारण पुढचं सगळं इथेच ठरलं. आवाज फिल्मवरच नोंदवायचा तर वेग काटेकोर एकसारखा हवा. हातातलं हँडल गेलं, मोटर आली, सेकंदाला चोवीस चौकटी झाल्या. वर्षानुवर्षं कमावलेला हातच निरुपयोगी व्हायची वेळ होती. दामल्यांनी ध्वनिमुद्रण शिकून घेतलं आणि १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ मराठीतून बोलू लागला. चार वर्षांनी त्यांनी फत्तेलालांसह ‘संत तुकाराम’ दिग्दर्शित केला. मला यात नशिबाचा भाग फार थोडा दिसतो. नवं यंत्र आलं तेव्हा शिकायची सवय अंगात होती, एवढंच.

आता आजच्या पोरापोरींचं बघू. कोल्हापूर चित्रनगरी मोरेवाडीत आहे, गडमुडशिंगीहून फार लांब नाही. युनिटवर पहिलं काम बहुधा हलकं मिळतं: सामान उचलणं, केबल गुंडाळणं, क्लॅप धरणं. क्लॅपकडे नीट पाहावं. चित्र आणि आवाज वेगवेगळ्या यंत्रांवर नोंदले जातात. पट्टी मिटल्याची चौकट आणि तिचा ‘टक’ जुळवला की दोन्ही एकत्र चालतात. हे समजलं की संकलनाचं दार थोडं उघडतं. मग घरी मोबाइलवर चित्र घ्यावं, आवाज वेगळा नोंदवावा आणि दोन्ही स्वतः जुळवून पाहावेत. काम नसलेला आठवडा यात छान जातो, आणि पुढच्या युनिटवर जाताना हातात एक कसब जास्त असतं.

पाहणंही यातलंच काम. बाबूराव पेंटरांच्या नावाची फिल्म सोसायटी कोल्हापुरात महोत्सव भरवते. तिथे इराणी किंवा जपानी चित्रपट पाहताना प्रकाश कुठून येतोय एवढंच एकदा शोधावं. ज्याला पद्धतशीर शिकायचंय त्याच्यासाठी पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट आहे, पुढे पुण्याला गेलेल्या प्रभातच्याच जुन्या जागेत १९६० साली सुरू झालेली. प्रवेश अवघड आहे. पण तिथे न जाताही माणसं घडतात, हे वरच्या सगळ्या नावांवरून दिसतंच.

आणखी एक काम सुचवतो, कारण त्याच्याकडे सहसा कुणी वळत नाही. प्रसंग कथेच्या क्रमाने चित्रित होत नाहीत. दाराबाहेरचा भाग आज, आतला दहा दिवसांनी. पदर कुठल्या खांद्यावर होता, कपात चहा किती होता, पिशवी कुठल्या हातात होती, हे सगळं कंटिन्युइटीच्या वहीत नोंदतात. ही वही लिहिणाऱ्याला अभिनय, कपडे, कॅमेरा आणि संकलन चारही एकदम समजू लागतात. सेटवर गेल्यावर पहिल्याच दिवशी विचारून घ्यावं, वही कोण लिहितं, आणि त्याच्या शेजारी बसायची परवानगी मागावी.