इन्सुलिन पंप : किंमत यंत्राची की सेवेची?

यंत्रमाग घेणाऱ्याला मागाची किंमत तोंडपाठ असते. धंदा मात्र अडतो तो सुट्या भागांपायी आणि वेळेवर न येणाऱ्या जॉबरपायी. मधुमेही मुलांच्या इन्सुलिन पंपाचा सौदाही याच जातीचा आहे. इंग्लंडच्या सरकारी आरोग्य सेवेने तो कसा बांधला, हे व्यापारी वाचकांनी पाहण्यासारखे आहे.

टाइप १ मधुमेहात शरीर इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही. अशा मुलाला एरवी दिवसाला चार-पाच इंजेक्शने टोचावी लागतात. खिशात मावणारा पंप कातडीखालच्या बारीक नळीतून दिवसरात्र थोडे थोडे इन्सुलिन सोडतो. लंडनच्या गाइज रुग्णालयातील जॉन पिकअप, हॅरी कीन व सहकाऱ्यांनी या उपचाराचा अहवाल १९७८ साली प्रसिद्ध केला.

यात धोका असा, की पंपात फक्त झटपट काम करणारे इन्सुलिन असते. अंगात साठा राहत नाही. नळी मुडपली आणि कोणाच्या ध्यानात आले नाही, तर काही तासांतच रक्तात आम्ल साचू लागते आणि मुलाच्या जिवावर बेतते. शिवाय नळी दर दोन-तीन दिवसांनी बदलायची. म्हणजे पंप एकदा विकला जातो, माल वर्षानुवर्षे खपतो. आणि बहुतेक पंपांना त्याच कंपनीचा माल लागतो. कंपन्यांचा खरा नफा कुठे असणार, हे आपल्या लोकांना सांगायला नको!

म्हणून तिथे नुसता पंप देत नाहीत. औषधे-उपकरणे पैशाच्या मोलाची आहेत का हे ठरवणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने २००८ मध्येच अट घातली : पंप सुरू करायचा तो तालीम घेतलेल्या पथकानेच, म्हणजे डॉक्टर, मधुमेहाची खास परिचारिका आणि आहारतज्ज्ञ यांनी. पुढे रुग्णालयांना मुलामागे वाढीव वार्षिक रक्कम देण्याची पद्धत आली, तीही अटींवर. वर्षातून निदान चार तपासण्या आणि घरच्यांना चोवीस तास सल्ला. सेवा नाही, तर ती रक्कम नाही. मला हा हिशेब पटतो.

डिसेंबर २०२३ मध्ये ‘नाइस’ने आणखी पुढची शिफारस केली. अंगावरचा सेन्सर साखर मोजतो, गणित करणारा प्रोग्राम पंपाला मात्रा सांगतो. जेवणाचा हिशेब मात्र अजूनही माणसालाच भरावा लागतो. टाइप १ च्या मुलांना व तरुणांना ही जोडणी द्यावी, पण कंपन्यांनी सरकारी सेवेशी परवडणारा भाव ठरवला तरच. एवढा मोठा गिऱ्हाईक समोर असल्यावर भाव उतरवावाच लागतो. अंमलबजावणीला पाच वर्षांची मुदत आहे.

आपल्याकडे बहुतेक घरांत हा खर्च बापाच्या खिशातून होतो, भाव करायला तो एकटाच. त्याने पंपाच्या किमतीआधी विचारावे : नळ्यांचा वर्षाचा खर्च किती? यंत्र बिघडले तर बदली किती दिवसांत? रात्री दोनला फोन कोण उचलणार? उत्तरे लेखी घ्यावीत. आणि पंप घेतला तरी इन्सुलिनची पेने घरात राखून ठेवावीत.