छेदात दडलेलं शून्य

दहावीला गणितात पुढे जायला 35 गुण हवेत की 20 पुरेत, यावर 2024 च्या ऑक्टोबरपासून भरपूर बोलून झालं. मुलं नेमकी कोणत्या पायरीवर घसरतात, हे फारसं कुणी विचारलं नाही. माझा संशय एकाच जागेवर आहे: क्ष छेदात उतरतो, तिथे.

आठवीतली गुणोत्तरीय बीजराशी घ्या. (क्ष² − 4)/(क्ष − 2). अवयव पाडले, वरचा-खालचा (क्ष − 2) उडवला, उत्तर क्ष + 2. शाब्बास! पण मूळ राशीत क्ष ला 2 ही किंमत चालत नाही आणि उत्तरात ती बिनदिक्कत चालते. आलेख काढलात तर सरळ रेषाच येईल, फक्त (2, 4) या बिंदूवर तिला भोक असेल. ‘क्ष 2 नसावा’ ही अट फळ्याच्या कोपऱ्यात राहते आणि डस्टरबरोबर जाते.

समीकरणात ही चूक अंगाशी येते. क्ष/(क्ष − 3) = 3/(क्ष − 3) + 2 सोडवा. दोन्ही बाजूंना (क्ष − 3) ने गुणलं की क्ष = 3 + 2क्ष − 6, म्हणजे क्ष = 3. ताळा करायला जावं, तर छेदच शून्य! क्ष 3 असताना आपण दोन्ही बाजूंना शून्याने गुणलेलं असतं, आणि शून्याने गुणल्यावर काहीही कशाच्याही बरोबर होतं. या समीकरणाला उकलच नाही.

हे सावधपण भास्कराचार्यांकडे होतं. इ. स. 1150 च्या सुमाराच्या ‘लीलावती’त एक गमतीदार उदाहरण आहे: एका संख्येला शून्याने गुणलं, त्यात त्याचंच निम्मं मिळवलं, आलेलं तिप्पट केलं, शून्याने भागलं, तर 63 आले; संख्या कोणती? आपण पहिल्याच पायरीला शून्य लिहून मोकळे होऊ. भास्कराचार्य म्हणतात, थांबा. पुढे शून्य भाजक म्हणून येणार असेल तर गुणाकार तसाच राखून ठेवा. मग साडेचारपट संख्या 63, उत्तर 14. शून्याऐवजी अतिसूक्ष्म संख्या धरली, तर आजही हेच उत्तर येतं. एवढ्यावरून त्यांनी कलनशास्त्र शोधल्याचा गजर करणाऱ्यांत मी नाही. त्यांच्या नियमात शून्याचं शून्याशी कटणं गृहीत आहे, आणि ते नेहमी खरं नसतं. पण पायरी घाईने न उरकण्याची शिस्त अस्सल आहे. चाळीसगावजवळच्या पाटण्याच्या शिलालेखात त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. त्या मठात हे उदाहरण कसं शिकवत असतील, याचं मला फार कुतूहल आहे.

शून्याचा भागाकार फक्त वहीतच नडतो असंही नाही. सप्टेंबर 1997 मध्ये अमेरिकी नौदलाची ‘यॉर्कटाउन’ ही युद्धनौका भर समुद्रात बंद पडली होती. संगणकात एका रकान्यात शून्य भरलं गेलं आणि त्याने भागाकार झाला, एवढंच.

मुलांना वीस गुणांवर पुढे सोडायचं तर सोडा. पण प्रश्नपत्रिकेत उकल नसलेलं असं एक समीकरण घाला, आणि ‘उकल नाही’ असं कारणासह लिहिणाऱ्याला पैकीच्या पैकी द्या.