दगडाशी सात हजार तास

२१ मार्च २०११. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात, फोर्ट मॅकमरे गावाच्या उत्तरेला सनकोर कंपनीची मिलेनियम खाण आहे. तेलानं माखलेली वाळू उपसणारी ही खाण. तिथं शॉन फंक हा पोकलेनचालक नेहमीसारखा काम करत होता. बकेटच्या दातांना काहीतरी वेगळंच टणक लागलं. खाली पडलेल्या ढेकळात तपकिरी चकत्यांच्या ओळी होत्या आणि प्रत्येक चकतीभोवती करड्या दगडाची कड होती. फंकनं मशीन थांबवलं आणि वरिष्ठांना बोलावलं.

या एका निर्णयामुळे जगातला सर्वांत उत्तम टिकलेला चिलखती डायनासोर वाचला. पण वाचला म्हणजे दिसला असं नव्हे. तो दिसायला आणखी साडेपाच वर्षं लागली, आणि ते श्रेय जातं प्रयोगशाळेत बसून दगड टिपणाऱ्या एका माणसाकडे.

ड्रमहेलरच्या रॉयल टायरेल संग्रहालयातून डोनाल्ड हेंडरसन आणि डॅरन टँके खाणीत आले, तेव्हा त्यांची अपेक्षा एखाद्या सागरी सरपटणाऱ्या प्राण्याची होती. साहजिकच होतं ते, कारण तो सगळा थर प्राचीन समुद्राच्या तळाचा. निघाला मात्र जमिनीवर चरणारा, अंगभर हाडांच्या ढाली वागवणारा नोडोसॉर. सुमारे ११ कोटी वर्षांपूर्वी तो मेला, फुगलेलं शव वाहत समुद्रात गेलं आणि पाठीवर उताणं पडून तळाशी रुतलं. कुजण्याआधीच भोवतीच्या गाळात लोहयुक्त खनिज साचलं आणि शवाभोवती टणक कवच तयार झालं. एरवी अशा प्राण्याच्या ढाली मांस कुजताच इतस्ततः पसरतात. इथं त्या जिवंतपणी होत्या त्याच जागी राहिल्या. ढालींवरचं नखासारखं आवरण आणि त्यांच्यामधले त्वचेचे खवलेही टिकले.

खाणीतून तो बाहेर काढतानाच मोठं संकट आलं. जवळपास सात टनांचा मुख्य ठोकळा उचलताना स्वतःच्याच वजनानं तुटला. पथकानं तुकडे प्लास्टरमध्ये बांधले आणि ट्रकनं संग्रहालयात पोहोचवले. तिथून पुढचं काम तिथले तंत्रज्ञ मार्क मिशेल यांच्या हाती आलं.

जीवाश्म दगडातून मोकळा करणाऱ्या तंत्रज्ञाचं मुख्य हत्यार म्हणजे हवेच्या दाबावर चालणारी, जाड पेनाएवढी लेखणी. इंदापूर तालुक्यात, लोणी देवकरच्या शिवारात, विहीर खोदताना ट्रॅक्टरवरचा कॉम्प्रेसर आणि त्याला जोडलेला ब्रेकर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे तत्त्व समजावून सांगायला नको. इथं तोच ब्रेकर बोटांत मावतो, त्याचं टोक सुईसारखं असतं आणि ते मिनिटाला हजारो ठोके देतं. डोळ्याला सूक्ष्मदर्शक, कानाला संरक्षण, नाकावर मास्क आणि शेजारी धूळ ओढून घेणारी नळी. लेखणी दगडाला टेकली की कपचा उडत नाही, पीठ पडतं. जीवाश्माची कड जवळ आली की तंत्रज्ञ लेखणी बाजूला ठेवतो आणि साध्या सुईनं एकेक कण सोडवतो. भेग दिसली तर हात थांबतो. ॲसिटोनमध्ये विरघळवलेल्या पातळ राळेचा थेंब भेगेत सोडायचा, ती वाळू द्यायची, मगच पुढं जायचं. चुकून उडालेली कपची फेकून देत नाहीत. ती कुठून उडाली ते टिपून ठेवतात आणि परत बसवतात.

मिशेल यांच्यापुढची अडचण वेगळीच होती. भोवतीचा दगड अतिशय टणक आणि आतला जीवाश्म त्याच्या मानानं मऊ. जोर लावला तर आधी डायनासोरच झडणार. त्यात दगडाची आणि त्वचेची सीमा कित्येक ठिकाणी केवळ रंगातल्या फरकावरून ओळखायची. खवल्यांच्या जागी उरलेला काळसर पापुद्रा एकदा खरवडला गेला की तो परत येत नाही. असं काम त्यांनी सुमारे ७,००० तास केलं. तोंडापासून कमरेपर्यंतचा प्राणी उघडा झाला. मागचा भाग मिळालाच नाही.

मे २०१७ मध्ये तो लोकांना पाहायला खुला झाला आणि ऑगस्टमध्ये केलेब ब्राऊन व सहकाऱ्यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं. अंदाजे साडेपाच मीटर लांब, १,३०० किलो वजनाचा प्राणी. त्वचेतल्या रासायनिक खुणांवरून पाठ तांबूस आणि पोटाकडे फिका रंग असावा, असा निष्कर्ष निघाला. एवढा जाडजूड चिलखती प्राणीही रंगानं लपत होता, म्हणजे त्याला खाणारे तितकेच दांडगे होते. प्रजातीचं नाव ठेवलं बोरेॲलोपेल्टा मार्कमिशेली. नवीन प्राण्याला शोधकर्त्याचं किंवा मोठ्या प्राध्यापकाचं नाव देण्याची रीत जुनी आहे. दगड टिपणाऱ्या तंत्रज्ञाचं नाव मिळणं विरळ, आणि इथं ते पुरेपूर योग्य आहे.

काम तिथंच संपलं नाही. त्याच प्राण्याच्या पोटात शेवटचं जेवण सापडलं. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यात मुख्यतः नेच्याची पानं आणि थोडा कोळसा आढळला. वणव्यानंतर नव्यानं उगवलेल्या हिरवाईत तो चरत असावा. चघळलेल्या डहाळ्यांमधल्या वाढीच्या वलयांवरून मृत्यूचा हंगामही कळला : वसंताची अखेर ते ऐन उन्हाळा. घाईघाईनं छिन्नी चालवली असती तर हे सगळं धुळीत गेलं असतं.

अशीच एक गोष्ट भारतातही घडली आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले धनंजय मोहबे यांना १९८४ साली गुजरातेत ढोली डुंगरी इथं डायनासोरच्या अंड्यांसोबत नाजूक हाडं असलेला दगड मिळाला. ती अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लाची हाडं, असं वर्णन त्यांनी १९८७ मध्ये केलं. २००१ साली मिशिगन विद्यापीठाचे जेफ्री विल्सन तो दगड पाहत होते. काही मणक्यांचे सांधे त्यांना वेगळे वाटले. तसे जादा सांधे सापाच्या मणक्यांत असतात. पुढं २००४ मध्ये खाण मंत्रालयाशी करार झाला, दगड मिशिगनला गेला आणि तिथं तो बारकाईनं साफ झाला. तेव्हा उलगडलं ते दृश्य थक्क करणारं होतं. फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं घालून बसलेला साडेतीन मीटरचा साप आणि शेजारी अर्ध्या मीटरचं पिल्लू. सनाजेह इंडिकस या नावानं तो मार्च २०१० मध्ये जगापुढं आला. दगड तोच होता, हाडंही तीच. सापडल्यापासून साप दिसेपर्यंत सतरा वर्षं गेली आणि पूर्ण चित्र उभं राहायला त्याहून अधिक. आपल्याकडे उत्खननाची बातमी होते, पण टेबलाशी बसून दगड टिपणाऱ्यासाठी पदं, यंत्रं आणि प्रशिक्षण यांची मागणी कुणी करत नाही. ती करायला हवी.

कारण दगड आपल्याकडेही आहेत. चंद्रपूर जिल्ह्यात डोंगरगावला आयसीसॉरस हा लांब मानेचा डायनासोर सापडला. त्याच भागातल्या पिसदुऱ्याला डायनासोरची दगड झालेली विष्ठा मिळते. ती प्रयोगशाळेत विरघळवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तेव्हा गवताचे सिलिकाकण दिसले. डायनासोरच्या काळात गवत होतं, हे २००५ साली जगाला कळलं ते याच गावामुळे. सिरोंचा तालुक्यातल्या कोटा गावाचं नाव ज्या ज्युरासिक थरांना मिळालं आहे, त्या प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातल्या थरांतून चिलखती डायनासोरचे अवशेष मिळाल्याची नोंद २००२ साली झाली.

मग लोणी देवकरच्या विहिरीत डायनासोर का सापडत नाही? इथला काळा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेला लाव्हा. तप्त लाव्ह्यात हाड टिकत नाही. डायनासोर मिळण्याजोगा गाळ असलाच तर या थरांच्या खाली किंवा मधल्या पातळ पट्ट्यांत. किल्लारीच्या भूकंपानंतर तिथं भोक पाडलं तेव्हा ३३८ मीटर बेसॉल्टखाली गाळाचा जेमतेम आठ मीटर थर लागला होता. विहिरीचा ब्रेकर तिथवर जात नाही. चंद्रपूर-गडचिरोलीत या काळ्या पाषाणाचं आवरण संपत जातं, म्हणून जुने थर तिकडे उघडे पडतात.

इंदापूरकरांना जीवाश्म भेटले तर ते बहुधा नदीकाठच्या जुन्या गाळात भेटतील, आणि ते डायनासोरचे नव्हे तर हत्ती-रानबैलांचे असतील. उजनीच्या वरच्या अंगाला भीमेला मिळणारी घोडनदी, नेवाशाजवळची प्रवरा, लातूरकडची मांजरा, या खोऱ्यांतून अशी हाडं मिळाली आहेत आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांचा अभ्यास झाला आहे. ओलसर गाळातून उघडी पडलेली अशी हाडं उन्हात वाळताच तडकतात, म्हणून ती धुऊ नयेत, ब्रशनं घासू नयेत, फेविकॉलनं चिकटवू तर मुळीच नयेत. जागेवरच शेजारी पट्टी ठेवून फोटो काढावा, ओल्या गोणपाटानं झाकावं, पोकलेन थांबवावं आणि डेक्कन कॉलेजला किंवा नागपूरच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवावं.