कोड तुमचा, जागरण त्यांचं!

ऑफिसात नवीन आलेल्या ज्युनिअरला पायथनची ओळख करून द्यायची असली की तुम्ही काय करता? ब्राउझर उघडायचा, एखाद्या ऑनलाइन शेलची लिंक टाकायची, ‘2 + 2’ टाईप करायचं आणि एंटर. खाली लगेच 4 हजर! इन्स्टॉलेशनची कटकट नाही, अ‍ॅडमिन पासवर्डसाठी आयटीवाल्यांची मनधरणी नाही. एकदम झक्कास मामला.

पुण्यातल्या क्युबिकलमध्ये आपल्याला ही चैन वाटते. बीड जिल्ह्यातल्या एखाद्या पोराला मात्र कोडिंग शिकायचा तोच एक रस्ता असू शकतो. या जिल्ह्यातली असंख्य कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात आणि सहा-सहा महिने परतत नाहीत. अशा घरातल्या मुलाच्या हाती लॅपटॉप कुठून येणार? असलाच तर फोन. बीड शहरात रेल्वे पोचायला सप्टेंबर 2025 उजाडला, पायथनचा प्रॉम्प्ट मात्र मोबाईल टॉवरवरून केव्हाच येऊन बसला होता.

पण बॉस, हा प्रॉम्प्ट रात्रंदिवस चालू कोण ठेवतं? प्रोजेक्ट सुरू करणाऱ्याची मुलाखत छापून येते. सुरू झालेलं टिकवून ठेवणाऱ्याला इंग्रजीत ‘मेंटेनर’ म्हणतात, आणि त्याचं नाव आपल्याला कळतं ते साईट बंद पडल्यावर, शिव्या घालायला.

शेलचा फंडा तसा सोपा आहे. तुम्ही एक ओळ लिहायची, त्याने ती वाचायची, चालवायची, उत्तर दाखवायचं आणि पुढच्या ओळीची वाट बघायची. 2001 मध्ये कोलोरॅडोत फिजिक्सची पीएचडी करणाऱ्या फर्नांडो पेरेझने स्वतःच्या सोयीसाठी असाच एक शेल लिहायला घेतला. तो आयपायथन. त्यातूनच पुढे 2014 मध्ये ज्युपिटर निघालं, जे आज तुमच्या कंपनीतली डेटावाली मंडळी दिवसभर उघडून बसलेली असतात.

स्वतःच्या मशीनवर शेल चालवणं वेगळं आणि अख्ख्या जगासाठी तो ऑनलाइन ठेवणं वेगळं. विचार करा, ऑनलाइन शेल म्हणजे अनोळखी माणसाला ‘या, माझ्या कॉम्प्युटरवर वाट्टेल ते चालवा’ असं खुलं आमंत्रण! कुणी चुकून कधीच न संपणारा लूप लिहितो, कुणी मुद्दाम फाईल्स उडवायला बघतो, तर कुणी फुकटच्या सर्व्हरवर क्रिप्टो मायनिंग सुरू करतो. म्हणून प्रत्येकाचा कोड वेगळ्या बंद खोलीत चालवायचा, त्याला वेळेची आणि मेमरीची मर्यादा घालायची, आणि ती भिंत कुठे फुटलीय का हे सतत बघत राहायचं. हे ‘सतत’च महागात पडतं.

आपल्याकडचं उदाहरण आयआयटी मुंबईचं. तिथे केंद्र सरकारच्या मदतीने ‘फॉसी’ नावाचा प्रकल्प उभा राहिला, महागड्या सॉफ्टवेअरऐवजी ओपन सोर्स वापरायला कॉलेजांना तयार करणारा. याच मंडळींनी ‘सायलॅब ऑन क्लाउड’ बनवलं: इंजिनिअरिंगच्या पुस्तकातली सोडवलेली उदाहरणं ब्राउझरमध्येच चालवून बघायची. ती उदाहरणं कोडमध्ये उतरवणारे बरेचसे देशभरातल्या कॉलेजांमधले विद्यार्थीच. आणि एरोस्पेसचे प्राध्यापक प्रभू रामचंद्रन यांनी सुरू केलेलं ‘यक्ष’ तर थेट परीक्षाच घेतं. मुलाने पायथन, सी किंवा जावामध्ये कोड लिहायचा, सर्व्हरने तो बंद खोलीत चालवून बरोबर की चूक ते लगेच सांगायचं. नाव वाचूनच घाम फुटतो, हो ना? तळ्याकाठच्या यक्षाला तरी फक्त पाच भाऊ सांभाळायचे होते!

आता गंमत बघा. आपल्या कोडमध्ये काहीही बिघडलेलं नसतानाही शेल बंद पडू शकतो. सिमपाय हे गणिताचं ओपन सोर्स पॅकेज. गूगल समर ऑफ कोडच्या निमित्ताने कित्येक भारतीय विद्यार्थ्यांचा हात त्याला लागलाय. त्याचा लाईव्ह शेल गूगलच्या अ‍ॅप इंजिनवर, पायथन 2.7 वर चालायचा. 1 जानेवारी 2020 ला पायथन 2 चा अधिकृत सपोर्ट संपला. सिमपाय पुढे गेलं, शेल मागे राहिला. घर तेच, पण खालची जमीनच सरकली! शेवटी सगळा संसार नव्या तंत्रावर हलवावा लागला.

पैशाचंही तेच. बाईंडर या फुकट सेवेची क्षमता 2023 मध्ये एकदम घटली, कारण गूगलकडून मिळणारी मदत थांबली.

यावरचा सध्याचा सगळ्यात डोकेबाज उपाय म्हणजे सर्व्हरच काढून टाकायचा! 2018 मध्ये मोझिलात सुरू झालेल्या पायोडाईडने पायथनच ब्राउझरमध्ये आणून बसवला. कोड तुमच्याच फोनवर चालतो, त्यामुळे कुणाच्या सर्व्हरचं बिल वाढत नाही आणि क्रिप्टोवाल्यालाही स्वतःचीच बॅटरी जाळावी लागते. सिमपायचा नवा शेल याच वाटेने गेला. बीडच्या पोरासाठी याचा अर्थ असा, की पहिल्यांदा काही एमबी डाऊनलोड झाले की पुढच्या ओळींसाठी दूरच्या सर्व्हरकडे हेलपाटे नाहीत. पण स्वस्त फोनची रॅम पुरेल का, जुन्या ब्राउझरवर चालेल का, हे तपासत बसणारा माणूस इथेही लागतोच.

आणि तो माणूस थकतो. एक्सझेड या छोट्याशा पण जगभर वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरचा भार वर्षानुवर्षं जवळपास एकट्या लासे कॉलिनवर होता. ‘लवकर करा’ म्हणून लोकांनी तगादा लावला, मदतीला एक अनोळखी गडी आला, त्याने विश्वास कमावला आणि मार्च 2024 मध्ये उघड झालं की पठ्ठ्याने आत चोरदरवाजा बसवलाय. तो सापडला कसा? आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला लॉगिन अर्धा सेकंद उशिरा होतंय असं वाटलं, म्हणून. अर्धा सेकंद! आपण तेवढ्यात फार तर चहाचा एक घोट घेतो.

कॉर्पोरेट कंपन्या हे सगळं फुकट वापरतात आणि अ‍ॅन्युअल डेला ‘इनोव्हेशन’चे बॅनर लावतात, ते मला तरी हास्यास्पद वाटतं. पण तुम्ही कंपनीच्या पॉलिसीची वाट बघू नका. यक्षचा सगळा कोड गिटहबवर खुला आहे. शनिवारी दुपारी तासभर काढा. साधी सुरुवात करायची तर गाईडमधली एखादी पायरी स्वतः करून बघा आणि जिथे अडकाल तिथे नेमकं काय झालं ते लिहून कळवा: कुठला फोन, कुठला ब्राउझर, काय टाईप केलं, काय दिसलं. ‘चालत नाही’ एवढंच लिहिलेल्या तक्रारी त्यांच्याकडे भरपूर आहेत.