करबला ते कोल्हापूर

इराकमधल्या करबला इथे इमाम हुसेन यांची कबर आहे. शियांचं हे मोठं तीर्थस्थान. यझीदची सत्ता मान्य करायला त्यांनी नकार दिला. इ.स. 680 मध्ये, मोहरमच्या दहाव्या दिवशी, फुरात नदीचं पाणी तोडून त्यांना तिथे मारलं गेलं.

आता आपल्या कोल्हापूरकडे बघा. इथे पंजे बसवणारे बहुतेक लोक शिया नाहीत. कित्येक तर हिंदू आहेत. पंजाची पाच बोटं म्हणजे पैगंबर, अली, फातिमा, हसन आणि हुसेन. 2018 आणि 2019 मध्ये गणपती आणि मोहरम एकत्र आले, तेव्हा काही तालमींत दोघे शेजारी बसले. मोहरमात सरबत हातात घ्याल, तेव्हा एवढं लक्षात ठेवा : ती करबलाच्या तहानेची आठवण आहे.